मिठाच्या वाटेची विक्री

ब्रनो, ६ मार्च

चि. ओतास,
ताईचे आशीर्वाद. आज ते जरा जास्तच पाठवते आहे, कारण पुढचं वाचून त्यातले निम्मे तू परत करशील.

पाकीट बघून दचकला असशील. आईशिवाय आपल्या घरात आता टपालाने कोण लिहितं? पण सोमवारपासून स्टुडिओतला प्रत्येक निरोप वकिलांच्या नजरेखालून जातो, आणि माझा फोनही स्टुडिओचाच. भावाशी भांडायला वकिलाची परवानगी कशाला काढायची, म्हणून कागद.

बातमी तू वाचलीच असशील. समुद्रापलीकडची ती मोठी कन्सोलवाली कंपनी आमचा 'कालिना' गेम-स्टुडिओ विकत घेते आहे. विकणारी मी नाही, हे आधी ध्यानात घे. मोठा वाटा प्रागच्या ख्लुपाचसाहेबांचा. इतकी वर्षं त्यांनी पैसे घातले, आता त्यांना ते मोकळे करायचे आहेत. माझा वाटा लहान. पण स्टुडिओची प्रमुख मी, म्हणून फोटोत हसायला मला उभं केलं.

तुझी काळजी मला कळते. आमचा गेम 'मिठाची वाट' तुझ्या इंटरनेटवरच्या संगणक-गेमच्या दुकानात सगळ्यात जास्त खपतो. त्या कंपनीच्या लॅथमसाहेबांना मी पहिल्याच भेटीत विचारलं, आणि त्यांनी मला शब्द दिला की गेम आज जिथे जिथे मिळतो तिथे तिथे मिळत राहील, तिन्ही कन्सोलवर, संगणकावर आणि तुझ्या दुकानातही. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. माणूस सभ्य वाटला.

आणि खरं सांगू, मी थकले आहे. दर हिवाळ्यात मी सगळ्यांसमोर उभी राहते आणि पुढच्या महिन्याचे पगार होतील ना, हा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर दिसू नये म्हणून विनोद करते. दुसरा भाग अर्धा झाला आहे. तो पुरा करायला लागणारं बळ आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. जरा माझ्या बाजूनेही विचार करून बघ.

रागाचं पत्र आलं तर चालेल, न आलेलं चालणार नाही.

तुझी ताई
वेंदुला


ओस्त्रावा, १३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. त्यातली विनंती पुढे येते. विशेष एवढंच की मी चिडलो आहे.

फोटोत तू हसत नव्हतीस. दाढ दुखायला लागली की तू अशी दिसतेस, आणि मी तुला लहानपणापासून ओळखतो.

तुझा थकवा मला कळतो. माझ्या 'पुल्त' दुकानात आम्ही तिघंच आहोत आणि तिघंही थकलेलो आहोत. पण तुझे लॅथमसाहेब काय विकत घेतायत ते तरी नीट बघ. कन्सोल त्यांचा. त्या कन्सोलवरचं दुकानही त्यांचं, आणि त्यात दुसऱ्याचा गेम विकला तर वाटा कापून घेणारेही तेच. महिन्याच्या वर्गणीत ढीगभर गेम वाटणारेही तेच. आता लोकांना आवडणारे गेमही त्यांचेच झाले, तर बाकीच्यांनी काय, भजी तळायची? माणसाला दुसऱ्याचा कन्सोल सोडून आपला घ्यायला लावायचं तर दोन मार्ग आहेत. एक, आपला कन्सोल जास्त चांगला करायचा. दुसरा, त्याचा लाडका गेम विकत घेऊन बाकी सगळीकडून उचलायचा. दुसऱ्याला डोकं कमी लागतं.

बुडापेस्टच्या त्या बोटींच्या गेमचं काय झालं, विसरलीस? तोही यांनीच घेतला, आणि तेव्हाही असाच गोड शब्द दिला होता. दुसरा हिवाळा येईपर्यंत बोटी फक्त त्यांच्याच पाण्यात तरंगायला लागल्या. माझी गिऱ्हाइकं मला फोन करून शिव्या देत होती, जणू मीच नदी आटवली.

बाजारात कुणी मक्तेदारी करू नये हे बघणाऱ्या, तुझ्याच गावातल्या सरकारी स्पर्धा-कार्यालयाकडून मला प्रश्न आलेत. ही विक्री झाली तर तुमच्या धंद्यावर काय परिणाम होईल, असं विचारलंय. मी उत्तर लिहितो आहे आणि त्यात तुला बहीण म्हणून सूट नाही.

आता विनंती. लॅथमसाहेब तोंडाने जे म्हणाले तेच करारात एका ओळीत लिहून माग. दिलं, तर मी ब्रनोला येईन आणि भाजीबाजारात बटाट्यांच्या ढिगावर उभं राहून तुझी माफी मागेन.

राग आहे, पण लोभही त्याच पाकिटात आहे, नीट झटकून बघ.

तुझा
ओता


येसेनिक, २ एप्रिल

चि. वेंदुला आणि चि. ओता,
तुम्हा दोघांना मिळून एकच आशीर्वाद. वेगवेगळे मिळणार नाहीत, कारण हाच मजकूर मी दोनदा लिहून काढला आहे आणि माझं मनगट अजून कुरकुरतं.

गेल्या रविवारी गेममधल्या तांड्यात तुम्ही दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलला नाहीत. घाटात दरोडेखोर आले तेव्हा मी आणि माझी मैत्रीण हालिना, आम्ही दोघींनीच त्यांना पिटाळलं. हालिनाने मग विचारलं की तुझ्या मुलांचं काय बिनसलंय. पोलंडमधल्या बाईला सीमेपलीकडून कळतं आणि तुम्हाला वाटतं आईला कळत नाही.

वेंदुला, मनगट मोडल्यावर डॉक्टरांनी बोटं हलवत राहा म्हटलं म्हणून तू मला हा कन्सोल आणून दिलास. लोकर विणायला दिली असतीस तर मी ती केव्हाच फेकून दिली असती. आता रविवारची दुपार झाली की मी माझ्या कन्सोलवर, हालिना तिच्या दुसऱ्या कंपनीच्या कन्सोलवर, ओता संगणकावर आणि तू तुझ्या तिसऱ्यावर. कोण कशावर बसलाय हे जकात नाक्यावर कुणी विचारत नाही. तुझे बाबा गेल्यानंतर आपण चौघं कुठे एकत्र असतो तर तिथेच, मिठाच्या गोण्या लादलेली खेचरं हाकताना.

म्हणून मी त्या कंपनीला स्वतः पत्र टाकलं. माझ्या खेचरांचं पुढे काय होणार, असं साधं विचारलं. उत्तर आलं, आणि त्यात 'प्रिय खेळाडू' म्हणून त्यांचा नवा कन्सोल घेण्यासाठी सवलतीचं कूपन होतं. मी कळवलं की मी गुडघासुद्धा बदलू दिलेला नाही, तर चालता कन्सोल कशाला बदलू.

मी कुणाची बाजू घेणार नाही. पण मला वाटतं ओताचं बरोबर आहे.

ईस्टरला दोघांनी यायचं. खसखशीचे बन करून ठेवते. येताना भांडण आणलं तरी चालेल, पण जेवणानंतर.

आईचे आशीर्वाद, अर्धे-अर्धे वाटून घ्या.


ब्रनो, २४ एप्रिल

चि. ओतास आशीर्वाद.

ईस्टरला तू म्हणालास की ती ओळ मागायची माझी छाती होणार नाही. मी मागितली. भाजीबाजारात बटाटे तुझी वाट बघत बसणार नाहीत, कारण ओळ मिळाली नाही.

काल इथल्या हॉटेलात बैठक झाली. लॅथमसाहेब आवाज चढवत नाहीत. फार समजुतीने म्हणाले की अशा ओळी करारात घालत नसतात, बाजार बदलतो, उद्या खेळाडूंनाच वेगळं काही हवं असेल. मी म्हटलं, माझ्या आईला वेगळं काही नकोय. ते हसले. मला वाटलं गोष्ट तिथेच संपली.

मग त्यांच्या वकिलाने एक कागद सरकवला. स्पर्धा-कार्यालयासाठी माझं निवेदन, आधीच लिहून आणलेलं. त्यात मी म्हणते आहे की 'मिठाची वाट'चा दुसरा भाग इतर कन्सोलवर आणण्याचा स्टुडिओचा कधीच विचार नव्हता. हिशेब सरळ आहे. जे कधी येणारच नव्हतं, ते या विक्रीने कुणाचं जात नाही, मग कार्यालयाने चौकशी कसली करायची? पण ओता, गेम सगळ्या कन्सोलवर चालता करणारा आमचा राडिम आणि त्याची मंडळी दोन वर्षं दुसरं काही करत नाहीत. दुसरा भाग तिन्ही कन्सोलवर चालतो आहे. अडखळतो, खेचरं कधीकधी हवेत उभी राहतात, पण चालतो. मी राडिमबद्दल विचारलं तेव्हा कळलं की विक्रीनंतर त्याच्या गटाची गरज उरणार नाही.

ख्लुपाचसाहेब मला बाजूला घेऊन बापासारखं बोलले. सही कर, तुझा वाटा चांगल्या भावाने सुटेल, आईला मोठं घर होईल, तू तर थकलेली आहेस. माझं थकणं त्यांना नेमकं कुठे वापरायचं हे कळतं. मी पर्समध्ये पेन शोधत राहिले, आणि मग पेन नाही म्हणाले. टेबलावर हॉटेलची चार पेनं होती. सगळे ती बघत होते.

घरी चालत आले. लुझांकी बागेत बाकावर बसले. लॅथमसाहेबांवर मला राग आला नाही, ते त्यांचं काम करतायत. राग आला तो या गोष्टीचा, की माझ्या तोंडून खोटं वदवून घेणं त्यांना इतकं सोपं वाटलं, की कागद आधीच छापून आणला.

मी सही करणार नाही. हे आता शाईने लिहिलं आहे, आणि तुझ्याकडे पाठवते आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

वेंदुला


ओस्त्रावा, ३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. आज वि. वि. खरोखरच विनंती विशेष आहे, तेव्हा बसून वाच.

माझ्यासाठी हे करू नकोस. मी आजवर तुला टोमणे मारले आणि त्यातला एकही मागे घेत नाही, पण माझं दुकान वाचावं म्हणून तू नोकरीवर पाणी सोडणार असशील तर सही कर आणि मोकळी हो. बहिणीला बुडवून वाचवलेल्या दुकानाचं शटर मी रोज कोणत्या तोंडाने उघडू? माझ्या दुकानाला शटर नाही हे मला माहीत आहे. तू समजून घे.

मोठ्याकडून हरायला मला लाज वाटत नाही. त्यांचं दुकान माझ्यापेक्षा चांगलं असेल तर गिऱ्हाईक तिकडे जाईल, जावंच. पण शर्यतीत धावायचं सोडून माझे बूटच विकत घेतले, तर मी ओरडणार. ते मी माझ्या उत्तरात लिहिलंय आणि ते माझ्या हिमतीवर उभं आहे.

आणि ऐक, तुझ्यावर एकटीवर प्रेम नाही त्यांचं. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून एक हसतमुख मुलगी ओस्त्राव्याला आली होती. 'पुल्त' विकत घेतील, मला सल्लागार म्हणून ठेवतील, फक्त कार्यालयाकडे दिलेलं उत्तर आधी मागे घ्यावं, म्हणजे व्यवहार स्वच्छ होईल, म्हणाली. मी तिला गुलाश खाऊ घातलं आणि सांगितलं की दुकान विकायला नाही, पण दुकानातून काही घ्यायचं असेल तर ते उघडं आहे. तिने खरंच एक गेम घेतला. बुद्धिबळाचा होता. बिल मी कंपनीच्या नावाने केलं.

तेव्हा तू ठरव. पण ठरवलंस तर ते तुझं ठरवणं असू दे. सही केलीस तरी रविवारी मी तांड्यात असेन आणि दरोडेखोर आले तर तुझ्या बाजूने उभा राहीन. नाही केलीस तर येसेनिकपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने हसेन.

काळजीत असलेला,
ओता


ब्रनो, ८ जून

ती. आईस,
वाकून नमस्कार. वाकणं आज सोपं जातंय, पाठीवरचं ओझं उतरलं आहे, त्याबरोबर नोकरीही.

तू बातम्यांवर विश्वास ठेवत नाहीस, म्हणून झालं ते मीच सांगते.

कार्यालयाने सगळ्यांना एकत्र बोलावलं होतं. ख्लुपाचसाहेब, लॅथमसाहेब, त्यांचे वकील, आणि मी. माझी सही नसलेला तो कागद त्यांनी आणलाच नाही. त्याऐवजी वकिलाने तोंडी सांगितलं की दुसरा भाग इतर कन्सोलवर चालणं मुळात शक्यच नाही, आणि स्टुडिओला ते पहिल्यापासून ठाऊक होतं. मग अध्यक्षबाईंनी मला विचारलं. पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या बाई. मी म्हटलं, शक्य आहे की नाही ते सांगत बसण्यापेक्षा दाखवते.

राडिम बाहेर थांबला होता. कपडे धुवायला न्यायच्या मोठ्या पिशवीत तिन्ही कन्सोल घालून आम्ही ट्रामने आलो होतो. वकील उठून उभे राहिले, हे गुपित आहे, बाहेर काढता येणार नाही म्हणाले. अध्यक्षबाई म्हणाल्या की गुपित ठेवायची सवय याच इमारतीत सगळ्यात जास्त आहे, आपण बसा.

मग कार्यालयाच्या तिघा माणसांनी तीन कन्सोल घेतले आणि एक तांडा निघाला. मी फक्त कुठलं बटण कशाचं ते सांगत होते. एक तरुण अधिकारी तीन खेचरांसह दरीत गेला आणि मान खाली घालून सॉरी म्हणाला, जणू खेचरं खरीच होती. अध्यक्षबाईंना नाक्यावर जकात कशी भरायची ते कळेना. पलीकडच्या कन्सोलवरच्या बाईंनी त्यांच्या वतीने भरली. मला तुझी आणि हालिनाची आठवण झाली. वकील छताकडे बघत होते.

तांडा नाक्यापार गेल्यावर बाईंनी कन्सोल खाली ठेवला आणि विचारलं की हा भाग इतर कन्सोलवर आणायचा विचार कधी नव्हता, असं म्हणायला मला कुणी सांगितलं होतं का. मी हो म्हटलं. कुठे, कधी, कुणी आणि मोबदला काय, सगळं सांगितलं. राडिम म्हणतो, तू शाळेत हजेरी घेणाऱ्या मास्तरणीसारखी बोलत होतीस.

दुसऱ्या दिवशी ख्लुपाचसाहेब स्वतः ब्रनोत आले. कारण द्यायची त्यांना गरज नाही, दिलंही नाही. मी किल्ली टेबलावर ठेवली. राडिमने त्याची तिच्याशेजारी ठेवली. मग आणखी काही हात खिशात जायला लागले, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की पुरे. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी जागचं हलायचं नाही आणि दुसरा भाग पुरा करायचा. तो मी अर्धा टाकून चालले आहे, तुम्हीही टाकलात तर मी कुणालाही माफ करणार नाही.

दारापर्यंत ताठ गेले, आई. जिन्यात रडले. पश्चात्ताप म्हणून नाही. तो गेम मी रिकाम्या खोलीत एका टेबलावर सुरू केला होता, आणि आता त्या इमारतीत शिरायला मला पाहुणीचा बिल्ला लागेल, म्हणून.

माया आहेच, ती थोडी वाढवून पाठव.

वेंदुला


येसेनिक, ११ जून

चि. वेंदुलास,
तुझं पत्र मी हालिनाला वाचून दाखवलं. ती म्हणते, नाक्यावर दुसऱ्याची जकात भरणाऱ्या त्या बाईंचा पत्ता मिळव, आपल्या तांड्यात घेऊ.

मी तुला धीर देणार नाही, तुला तो लागत नाही. इथल्या औषधी पाण्याच्या आरोग्यधामात नर्स होते तेव्हा बडे पाहुणे रांग मोडून गरम पाण्यात उतरायला बघायचे. मी त्यांना काठावर उभं ठेवायचे. एकदा मला त्यासाठी स्वयंपाकघरात बदली मिळाली. तिथे मी उत्तम डंपलिंग करायला शिकले.

चेरी पिकल्या आहेत. शिडी तुझ्याच्याने धरवेल एवढे दिवस ये. मग परत जा आणि काहीतरी नवीन कर. बसून राहिलीस तर मी तुला खेचरं राखायला लावेन.

आई


ब्रनो, १९ ऑक्टोबर

चि. ओतास आशीर्वाद.

निकाल आला. पुरा विजय नाही, म्हणून उड्या मारू नकोस, पण खुर्ची ओढून बस.

विक्रीला परवानगी मिळाली. मात्र अट अशी की 'मिठाची वाट'चे दोन्ही भाग, आज आहेत त्या सगळ्या कन्सोलवर आणि मागेल त्या प्रत्येक दुकानाला, त्याच भावात आणि त्याच दिवशी मिळायला हवेत, आणि तेही दहा वर्षं. अशा ओळी लिहीत नसतात असं ज्यांनी मला समजुतीने सांगितलं होतं, त्या लॅथमसाहेबांनीच त्या ओळीखाली सही केली. पेन त्यांचं स्वतःचं होतं.

राडिमच्या गटातली जी माणसं मागे राहिली होती त्यांना आता कुणी काढू शकत नाही, कारण त्यांच्याशिवाय अट पाळता येणार नाही. हे मला निकालापेक्षाही गोड लागलं.

माझा वाटा मात्र, नोकरी गेल्यामुळे, ख्लुपाचसाहेबांबरोबरच्या जुन्या कराराप्रमाणे पडत्या भावात गेला. गेमवरून माझं नावही जाणार आहे. बोलायला दुखतं, म्हणून एकदाच लिहिते.

आता खरी बातमी. त्यांना वाटत होतं की मी वर्षभर या धंद्यात पाऊल टाकू शकत नाही. स्पर्धा न करण्याची ती अट विक्रीच्या करारात होती, आणि मला त्याआधीच हाकलल्यामुळे त्या करारावर मी सही केलेलीच नाही. वकिलाने मला हे सांगितलं तेव्हा मी त्याला दुकानातली सगळ्यात महाग स्लिवोव्हित्सेची बाटली घेऊन दिली. त्सेइल रस्त्यावरच्या जुन्या रंगखान्यात आम्ही दोन खोल्या घेतल्या आहेत. मी, राडिम आणि आणखी चौघं. भिंतीतून अजून निळा रंग झिरपतो. नवा गेम तराफेवाल्यांचा आहे, डोंगरातली लाकडं नदीतून खाली नेणारे. घटनेतच लिहून टाकलंय की सहाही जणांनी हो म्हटल्याशिवाय स्टुडिओ विकता येणार नाही. राडिम म्हणतो, आमचं कुठल्या पिझ्झ्यावरही कधी एकमत झालेलं नाही.

तुझी
ताई


ओस्त्रावा, १४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. की हे पत्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहितो आहे.

तराफ्यांचा गेम खेळायला पाठवलास, तो रात्रभर सोडवला नाही. धबधब्याशी तराफा मोडतो तिथे मी खुर्चीवरून उठलो. हा गेम चालणार, लिहून ठेव.

आता माझं. अट आली, 'मिठाची वाट' माझ्याकडे राहिला, पण गिऱ्हाईक गळतंच आहे. वर्गणीत इतकं मिळतं तर तुझ्याकडे सुटं विकत कशाला घ्यायचं, असं तोंडावर विचारतात. आम्ही तिघांचे दोघे झालो. या उन्हाळ्यानंतर काय, ते मला सांगता येत नाही.

म्हणून मागतो. तराफे पहिलं वर्षभर फक्त 'पुल्त'मध्ये असू दे. फक्त एक वर्ष. ज्याला हवा तो माझ्या दारात येईल, आणि एकदा आला की थांबेल. मी तुला त्यांच्यापेक्षा जास्त वाटा देईन. मी काही समुद्रापलीकडचा राक्षस नाही, तुझा भाऊ आहे. नाही म्हणालीस तर रागावणार नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल.

ओता


ब्रनो, २२ जानेवारी

चि. ओतास,
आशीर्वाद आधी घे, कारण पुढे नकार आहे.

नाही.

आठवडाभर मी हे पत्र मनात लिहिते आहे आणि प्रत्येक वेळी ते लांबतं, गोड होतं, लॅथमसाहेबांसारखं समजुतीचं होतं. म्हणून आखूड लिहिते. तुझ्या दारात यायला लागावं म्हणून बाकी दारं लावायची, हे तू केलंस काय आणि त्यांनी केलं काय, बाहेर उभी राहणारी माणसं तीच. हालिनाकडे संगणक नाही. तुझ्या दुकानासाठी तिने तो घ्यायचा का? आईने काय करायचं? त्या खोलीत मी जे बोलले ते कंपनी मोठी होती म्हणून नव्हतं बोलले. तू लहान आहेस म्हणून मला आज ते गिळता येणार नाही.

तुझं दुकान बंद पडलं तर मला किती लागेल, हे तुला मी सांगायला हवं का? तरीही नाही.

जे देऊ शकते ते देते. मे महिन्यात ज्या दिवशी सगळ्यांकडे, त्याच दिवशी तुझ्याकडे, त्याच भावात. तुझ्या दुकानात गेम विकत घेतला की तो गिऱ्हाइकाचा, कायमचा, उद्या तुझं दुकान नसलं तरी चालणारा. वर्गणीवाल्यांना हे जमत नाही, कारण वर्गणी थांबली की सगळं जातं. हे तू कुणाला नीट सांगतच नाहीस, नुसता कुढत बसतोस. आणि मी तुझ्याकडे येऊन एक आठवडा गिऱ्हाइकांशी बोलेन, खुर्ची टाकून. बहीण म्हणून, फुकट.

रागाव. मी वाट बघते.

वेंदुला


ओस्त्रावा, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. उत्तराला उशीर झाला, कारण मी खरोखरच रागावलो होतो आणि ते नीट, वेळ घेऊन केलं.

दोन रविवार तांड्यात आलो नाही. आईने फोनवर एवढंच विचारलं की तुला कोणत्या कंपनीने विकत घेतलं. मग मी तुझं पत्र पुन्हा वाचलं. तुझं बरोबर आहे, हे लिहिताना माझा हात जड झालाय, तरी लिहिलंय.

दुकानात आता मार्गारेता आणि मी असे दोघे उरलोय. तिला तुझं ते वर्गणीबद्दलचं वाचून दाखवलं. ती म्हणाली, हेच मी तुला दोन वर्षं सांगते आहे, पण माझं आडनाव तुझ्यासारखं नाही. आता पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की इथे घेतलेला गेम तुमचा, आम्ही बुडालो तरी. बुडण्याचा उल्लेख तिने ठेवायला लावला. गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकं गळायची थांबली. वाढली नाहीत, थांबली. एवढ्यावर बढाई मारायची नसते, पण मी मारतो आहे.

तेव्हा तराफे सगळ्यांबरोबर, त्याच सकाळी, त्याच भावात पाठव. मला सवलत नको, आधी नको, जास्त नको. त्या मोठ्यांच्या शेजारी माझं लहानसं दुकान उघडं असेल, आणि पहिल्या आठवड्यात तिथून त्यांना मान वळवून बघावं लागेल एवढे तराफे सुटले नाहीत, तर नावाचा ओता नाही. आठवडाभराची खुर्ची मात्र ठरली, ती मी आणून ठेवली आहे. जरा डुगडुगते.

लोभ सगळीकडे सारखा वाटतेसच. त्यात तेवढी मला मक्तेदारी दे, आणि ते कार्यालयाला कळवू नकोस.

तुझा
ओता